कॉस्टिंग-कंपनी लॉ राहू द्या, पेपर बदला

बी.कॉम.ला कॉस्टिंग (मालाचा खर्च काढायचा विषय) आणि कंपनी लॉ कशाला ठेवलंय, त्यापेक्षा पोरांना टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर शिकवा, जीएसटीचं रिटर्न भरायला शिकवा, एक्सेल शिकवा, लगेच नोकरी लागेल, असं हल्ली कोणीही उठतो आणि म्हणतो. पालक म्हणतात, क्लासवाले तर म्हणणारच, आणि आता नवीन शैक्षणिक धोरणात स्किल कोर्सला जागा करायची म्हणून काही प्राध्यापकही म्हणायला लागलेत. हे दोन विषय आज ज्या पद्धतीने उरकले जातात ते बघितलं की त्यांचं चुकतंय असं पटकन म्हणवतही नाही. तरी माझं मत उलटं आहे. टॅली ऑफिसात शेजारी बसून येतं, दोन-तीन महिन्यांत हात बसतो. कॉस्टिंग आणि कंपनी लॉ तसं शेजारी बसून येत नाही, कारण शेजारी बसलेल्यालाच ते येत नसतं. आणि या दोन विषयांची गरज सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी), सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) होणाऱ्यांपेक्षा नुसत्या बी.कॉम.वर थांबणाऱ्याला जास्त आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो की कॉस्टिंगला सीएमए आहेत, कंपनीच्या कामाला सीएस आहेत, बी.कॉम.वाल्याला एवढं खोल कशाला. आता कायदा काय म्हणतो बघा. कंपनी कायदा २०१३ चं कलम १४८ आणि त्याखालचे २०१४ चे नियम सांगतात की ठराविक उद्योगांनी कॉस्ट रेकॉर्ड ठेवायचं, पण ते ३५ कोटी टर्नओव्हरच्या वर. कॉस्ट ऑडिट तर आणखी वरच्या आकड्याला, रेग्युलेटेड क्षेत्रात ५० कोटी आणि बाकीच्यांना १०० कोटी. छोट्या कंपनीच्या वार्षिक रिटर्नवर सीएसची सही लागत नाही, डायरेक्टरची चालते. म्हणजे भोसरीतल्या नाहीतर शिरोलीतल्या दहा-पंधरा कोटींच्या वर्कशॉपमध्ये कॉस्ट अकाउंटंट पाऊल टाकत नाही, सीएस नसतो, सीए वर्षातून एकदा ऑडिटला येतो आणि तोही सप्टेंबरच्या घाईत. बाकीचं वर्षभर तिथं कोण असतो, तर एक बी.कॉम. झालेला मुलगा किंवा मुलगी, पगार बेताचा, आणि मालक त्यालाच विचारतो की हा रेट परवडतो का. त्याला जे येतं तेवढंच त्या कंपनीला कॉस्टिंग येतं.

मी स्वतः कॉस्टिंग स्पेशल घेऊन बी.कॉम. झालो आणि नंतर अशाच छोट्या युनिटची अकाउंट्स बघत आलो, त्यामुळे हे जरा जवळून बघितलंय.

फौंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं उदाहरण घ्या. कास्टिंग, म्हणजे ओतलेला लोखंडी पार्ट, किलोवर विकलं जातं. भट्टीत जेवढा माल घातला तेवढा काही विकायला मिळत नाही, रनर-रायझर, म्हणजे साच्याच्या वाटांत गोठलेला जादा धातू, तोडून परत भट्टीत जातात, काही पीस तिथंच रिजेक्ट होतात, आणि काही तर कस्टमरकडे मशिनिंग झाल्यावर रिजेक्ट होतात, आत ब्लो-होल म्हणजे हवेचं भोक निघालं की कास्टिंग परत, वर मशिनिंगच्या पैशाची डेबिट नोट. आता पुस्तकात प्रोसेस कॉस्टिंगचं गणित असं असतं की प्रोसेस एक मध्ये इतके युनिट टाकले, नॉर्मल लॉस ५ टक्के, स्क्रॅप व्हॅल्यू युनिटला अमुक रुपये, प्रोसेस अकाउंट आणि अबनॉर्मल लॉस अकाउंट तयार करा. मुलं ते बिनचूक सोडवतात. पण तो ५ टक्के आकडा आला कुठून? कुणी ठरवला? कुठल्या आयटमला ठरवला? पातळ भिंतीच्या पंप बॉडीला आणि जाड काउंटरवेटला एकच नॉर्मल लॉस कसा लावता येईल? रनर-रायझर परत वितळवायला जी वीज लागली ती कोणाच्या खात्यावर? हे प्रश्न पेपरात कधीच येत नाहीत, कारण पेपरात आकडे दिलेले असतात आणि उत्तर काढायचं असतं, आणि फौंड्रीत बरोबर उलटं, उत्तर म्हणजे रेट कस्टमरने आधीच सांगितलेला असतो आणि आकडे तुम्हाला शोधायचे असतात.

हा फरक छोटा वाटतो पण सगळं त्यातच आहे. समजा किलोचा एकूण खर्च १०० रुपये पडतो, त्यात ७२ व्हेरिएबल, म्हणजे मालाबरोबर वाढणारा, आणि २८ फिक्स्ड, म्हणजे माल काढा न काढा होणारा. कस्टमर म्हणतो ८८ ला द्या, महिन्याला इतके टन घेतो. ज्याने फक्त कॉस्ट शीट पाठ केलीय तो म्हणणार १२ रुपये तोटा, नको. ज्याने मार्जिनल कॉस्टिंगचं चॅप्टर केलंय तो म्हणणार ८८ मधून ७२ गेले, काँट्रिब्युशन १६ रुपये, घेऊन टाका. दोघांनाही पेपरात पूर्ण मार्क मिळतील, फक्त वेगवेगळ्या प्रश्नात. पण मालकाला यातलं एकही उत्तर पुरत नाही. भट्टी सध्या रिकामी आहे का, की या ऑर्डरसाठी ९८ वाला जुना कस्टमर मागे ढकलावा लागेल? पैसे किती दिवसांनी येणार? ९० दिवसांनी येणार असतील आणि कॅश क्रेडिटचं, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाचं व्याज १२ टक्के असेल तर किलोमागे अडीच रुपयांच्या वर तिथंच गेले. हा रेट जुन्या कस्टमरला कळला तर तोही ८८ मागणार, आणि सगळाच धंदा ८८ वर आला की फिक्स्ड खर्च कोण भरणार? मार्जिनल कॉस्टिंग अर्धवट शिकलेल्या अकाउंटंटने प्रत्येक ऑर्डरला हो म्हणून वर्षाच्या शेवटी कंपनी तोट्यात घालवणं, हे खरोखर होतं. म्हणून मी म्हणतो की विषय चुकीचा नाही, त्यातला विचार करण्याचा भाग आपण कापून टाकलाय आणि बेरीज-वजाबाकी तेवढी ठेवलीय, जी आता कॉम्प्युटर फुकटात करतो.

दुसरं उदाहरण उसाचं, आणि इथं जरा जास्त थांबतो कारण कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगर इथल्या कुठल्याही कॉमर्स कॉलेजच्या वर्गात ऊस लावणाऱ्या घरातली पोरं असतातच. कॉस्टिंगमध्ये जॉइंट प्रॉडक्ट आणि बाय-प्रॉडक्ट, म्हणजे एकाच कच्च्या मालातून निघणारे अनेक माल, असा एक टॉपिक आहे. सरांनी शिकवायला घेतला की केमिकल कंपनीचे ए, बी, सी असे प्रॉडक्ट येतात आणि स्प्लिट-ऑफ पॉइंटला, म्हणजे ते वेगळे होतात तिथं, खर्च वाटायचा असतो. अरे, कारखाना चार किलोमीटरवर आहे, धुराडं वर्गाच्या खिडकीतून दिसतं! उसापासून साखर, आणि बरोबर बगॅस म्हणजे चोथा, मळी, आणि प्रेसमड म्हणजे रस गाळून उरलेला गाळ. बगॅसपासून वीज, मळीपासून अल्कोहोल आणि इथेनॉल. शेतकऱ्याला उसाचे पैसे फक्त साखरेच्या किमतीवर द्यायचे की या बाकीच्या उत्पन्नातलाही वाटा द्यायचा, हा प्रश्न म्हणजे जॉइंट कॉस्टिंगच. साखर उद्योगासाठी नेमलेल्या रंगराजन समितीने २०१२ मध्ये जो फॉर्म्युला सुचवला तो असा की साखर आणि मुख्य बाय-प्रॉडक्ट धरून जे उत्पन्न येतं त्याचे ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या एक्स-मिल, म्हणजे कारखान्याच्या दारातल्या, किमतीच्या ७५ टक्के शेतकऱ्याला. हे दोन आकडे एकमेकांच्या बरोबरीचे का धरले, आणि इथेनॉलचा धंदा वाढल्यावर ते अजून बरोबरीचे राहिलेत का, एवढा एकच प्रश्न वर्गात टाकला तर दोन तास पुरणार नाहीत. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरवर्षी जे भाषणात ऐकू येतं ते इथं वहीत उतरेल.

त्यात पुन्हा एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, रिकव्हरीवर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यावर बांधलेली. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के रिकव्हरीला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा. आता कारखान्याने बी-हेवी मळी, म्हणजे अजून साखर शिल्लक असलेली मळी, इथेनॉलला वळवली की साखर कमी पडते, साखर कमी पडली की रिकव्हरी कमी दिसते, म्हणून ती दुरुस्त करून मोजावी लागते. तोडणी-वाहतुकीचं तर याहून मजेशीर आहे. ती बऱ्याच ठिकाणी कारखान्याच्या सरासरीने वजा होते, म्हणजे कारखान्याच्या दारातल्या शेतकऱ्याचं शेत आणि साठ किलोमीटरवरचं शेत, दोघांना एकच वजावट. हे न्याय्य आहे का? ओव्हरहेडचं अपोर्शनमेंट, म्हणजे सामायिक खर्चाची वाटणी, कुठल्या बेसवर करायची या प्रश्नाला मुलं पाठ उत्तर लिहितात, फ्लोअर एरिया, किलोवॅट अवर, कामगारांची संख्या. घरी बापाच्या बिलात हेच अपोर्शनमेंट बसलंय हे त्यांना तीन वर्षांत कुणी सांगत नाही.

आणि आता यात कंपनी लॉ कुठून येतो बघा. कॉस्ट ऑडिटच्या नियमांत साखर हे रेग्युलेटेड क्षेत्र आहे. खासगी कारखाना कंपनी म्हणून रजिस्टर असेल आणि टर्नओव्हर मर्यादेच्या वर असेल तर त्याला कॉस्ट ऑडिट. शेजारचा सहकारी कारखाना तेवढाच ऊस गाळतो, तीच साखर काढतो, पण तो महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० खाली आहे, कंपनीच नाही, म्हणून कलम १४८ त्याला लागत नाही. बरं, त्याचं वैधानिक ऑडिट होतं, साखर आयुक्त आहेत, सगळं आहे, पण कंपनी कायद्याखालचं कॉस्ट ऑडिट नाही. एका विषयातला प्रश्न दुसऱ्या विषयात जाऊन सुटतो. हे दोन पेपर वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या सरांनी, एकमेकांना न विचारता शिकवल्यावर हे कोणाला दिसणार?

हॅल्से आणि रोवन प्लॅनबद्दल एकच सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटन-अमेरिकेकडच्या कारखान्यांसाठी निघालेल्या बोनसच्या या पद्धती, दरवर्षी हमखास गणित. इचलकरंजीत यंत्रमागाची मजुरी पिकावर (इंग्रजी pick, कापडातला आडवा धागा) ठरते, खर्चीवाल्याला, म्हणजे दुसऱ्याचं सूत विणून देणाऱ्या मागवाल्याला, व्यापारी मीटरला पिकाच्या हिशोबाने पैसे देतो, त्यातून तो कामगाराची मजुरी आणि वीजबिल भागवतो, मजुरीवाढीसाठी संप होतात. हे पीस रेटचं, म्हणजे कामाच्या मापावर मजुरीचं, जिवंत उदाहरण शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत आहे. हॅल्से राहू दे, पण त्याच्या शेजारी हेही बसू दे ना.

कंपनी लॉची अवस्था याहून वाईट आहे, कारण तिथं गणितही नाही, नुसतं पाठांतर. सॉलोमन विरुद्ध सॉलोमन, १८९७, कंपनी ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे, पाच मार्क. सॉलोमन बूट बनवायचा, त्याने धंदा स्वतःच्याच कंपनीला विकला, शेअर घेतले आणि डिबेंचर म्हणजे कर्जरोखेही घेतले, कंपनी बुडाली, आणि कोर्टाने सांगितलं की कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा. इथपर्यंत सगळे लिहितात. पण त्यात ज्यांनी उधारीवर माल दिला होता त्या बिचाऱ्यांचं काय झालं? त्यांच्या हातात काही आलं नाही, कारण डिबेंचर सिक्युअर्ड म्हणजे तारण असलेले होते, पहिला हक्क डिबेंचरवाल्याचा. ही केस शिकवायची ती उधार माल देणाऱ्याच्या बाजूने शिकवायला पाहिजे, कारण आपली बहुतेक पोरं त्याच बाजूला नोकरी करणार आहेत.

चाकणच्या एखाद्या प्रायव्हेट लिमिटेडला तुमच्या मालकाने वीस लाखांचा माल दिला, पैसे थकले. डायरेक्टरचा बंगला आहे, मोठी गाडी आहे, पण ते त्याचं, कंपनीचं नाही. दिवाळखोरी कायदा २०१६ खाली एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणात, जायचं म्हटलं तर मार्च २०२० पासून किमान थकबाकी १ कोटी लागते, म्हणजे वीस लाखांवर दार बंद. मग उपाय काय, तर माल देण्याआधी बघणं. कॉर्पोरेट अफेअर्स मंत्रालयाच्या साइटवर कंपनीची मास्टर डेटा म्हणजे मूळ माहिती फुकट दिसते, कुठल्या बँकेचा किती बोजा आहे ते चार्जेसच्या यादीत दिसतं, शेवटचा ताळेबंद कधी भरला ते दिसतं. शंभर रुपये भरले की त्या कंपनीची दाखल केलेली कागदपत्रं, ताळेबंद, मेमोरँडम आणि आर्टिकल्स म्हणजे कंपनीची घटना आणि नियमावली, सगळं उघडून बघता येतं. हे काम करायला सीएस लागत नाही. बी.कॉम. झालेल्याला चार्ज म्हणजे काय हे कळलं पाहिजे, एवढंच. पण चार्जवर आपण काय विचारतो? "फिक्स्ड चार्ज व फ्लोटिंग चार्ज यातील फरक स्पष्ट करा."

सहाराचं प्रकरण घ्या. सहाराच्या दोन कंपन्यांनी डिबेंचरच्या नावाने कोट्यवधी लोकांकडून पैसे गोळा केले आणि वर म्हणाले की हे प्रायव्हेट प्लेसमेंट, म्हणजे मोजक्या निवडक लोकांना दिलेली ऑफर आहे. तेव्हाच्या १९५६ च्या कायद्यात साधा नियम होता, ५० किंवा जास्त लोकांना ऑफर दिली की ती पब्लिक ऑफर, मग सेबी आली, प्रॉस्पेक्टस आलं, लिस्टिंग आलं. ३१ ऑगस्ट २०१२ ला सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं आणि २४,००० कोटींच्या घरातली रक्कम १५ टक्के व्याजाने परत करायला लावली. आता या पैशातले किती तरी आपल्याच तालुक्याच्या गावांतून, भाजीवाल्याकडून, पेन्शनरकडून, ओळखीच्या एजंटामार्फत गेले होते. आणि एजंट कोण? बऱ्याच ठिकाणी गावातलाच शिकलेला, कॉमर्स झालेला मुलगा. त्याने प्रायव्हेट प्लेसमेंटची मर्यादा परीक्षेत लिहिली असेल, बरोबर लिहिली असेल. पण समोर ठेवलेल्या फॉर्मवर बोट ठेवून हे प्रायव्हेट कसं काय म्हणता, असं विचारायची सवय त्याला कोणी लावली नव्हती. आज नव्या कायद्यात कलम ४२ खाली ही मर्यादा वर्षाला २०० लोकांची आहे, आणि मुलं आता २०० पाठ करतात. बाकी फरक शून्य.

तिसरी गोष्ट शेतकरी कंपन्यांची. प्रोड्युसर कंपनी हा प्रकार वाय. के. अलघ समितीनंतर २००२ च्या दुरुस्तीने आला, २०२० च्या दुरुस्तीने २०१३ च्या कायद्यात स्वतंत्र प्रकरण म्हणून बसला. दहा शेतकरी एकत्र आले की कंपनी काढता येते, किमान पाच डायरेक्टर, शेअर कितीही असोत एका सभासदाला एक मत. देशात सगळ्यात जास्त अशा कंपन्या महाराष्ट्रात आहेत. नाशिकजवळ मोहाडीची सह्याद्री फार्म्स सगळ्यांना माहितीय, पण प्रत्येक सह्याद्रीमागे कितीतरी कंपन्या अशा आहेत की ज्या अनुदानाच्या योजनेसाठी निघाल्या, गोदामाचं भूमिपूजन झालं, फोटो आले आणि पुढे एजीएम म्हणजे वार्षिक सभा झाली नाही की फॉर्म भरले नाहीत. ताळेबंदाचा एओसी-४ आणि वार्षिक रिटर्नचा एमजीटी-७ वेळेत भरला नाही तर २०१८ पासून प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा फी, वर मर्यादा नाही. दोन फॉर्म वर्षभर राहिले तर ७३,००० रुपये, आणि कंपनीने कांद्याची एक गाडीसुद्धा विकलेली नसते. सलग तीन वर्षं राहिले तर डायरेक्टर कलम १६४ खाली पाच वर्षांसाठी अपात्र. २०१७ साली सरकारने दोन लाखांहून जास्त कंपन्या रजिस्टरवरून काढून टाकल्या आणि तीन लाखांच्या आसपास डायरेक्टर अपात्र ठरवले तेव्हा त्यात कागदी कंपन्या होत्याच, पण नियम माहीत नसलेली भाबडी माणसंही सापडली.

अशा कंपनीला पूर्ण वेळ सीईओ ठेवावा लागतो, तो गावातला बी.कॉम. किंवा बी.एस्सी. ॲग्री झालेला असतो. बी.कॉम.वाल्याने तीन वर्षांत एकदा तरी एजीएमची नोटीस लिहिलेली असावी, कोरम म्हणजे गणसंख्या मोजलेली असावी, ठराव खरडलेला असावा, डाळिंबाच्या ग्रेडिंगचा किलोमागे खर्च काढलेला असावा. ही अपेक्षा काही फार नाही. कॉमर्सची पदवी देऊन एवढंही येत नसेल तर ती पदवी कशाची हे विद्यापीठांनीच सांगावं.

मग शिकवतात तरी काय? मी पाहिलेल्या नोट्समध्ये, आणि या नोट्स आता व्हॉट्सॲपच्या पीडीएफ झाल्यात, अजून कंपनीला कॉमन सील म्हणजे शिक्का असलाच पाहिजे असं लिहिलेलं असतं, २०१५ पासून ते ऐच्छिक आहे. प्रायव्हेट कंपनीला किमान १ लाख भांडवल लागतं असं असतं, तीही अट २०१५ लाच गेली. धंदा सुरू करण्याचं डिक्लेरेशन २०१५ ला काढलं आणि २०१८ ला कलम १०ए म्हणून परत आणलं, त्यामुळे जुन्या नोट्स योगायोगाने थोड्याफार बरोबर झाल्या! कंपनी लॉ बोर्ड जाऊन जून २०१६ ला एनसीएलटी आलं, नोट्समध्ये बोर्ड अजून बसलेलं आहे. स्मॉल कंपनीची मर्यादा तर २०१३ च्या कायद्यात ५० लाख भांडवल आणि २ कोटी टर्नओव्हर होती, २०२१ ला २ कोटी आणि २० कोटी झाली, २०२२ ला ४ कोटी आणि ४० कोटी, आणि डिसेंबर २०२५ ला १० कोटी आणि १०० कोटी. जो आकडा असा पळतोय तो पाठ करून घेण्यात काय अर्थ आहे? तो कुठे सापडतो आणि बदलला की कुठे कळतो, हे शिकवायचं. कॉस्टिंगमध्येही लिफो, म्हणजे शेवटी आलेला माल आधी गेला असं धरायची पद्धत, सुटत नाही. आपल्या ताळेबंदाला स्टॉकचं व्हॅल्युएशन लिफोने चालत नाही, फिफो म्हणजे आधी आलेला आधी, नाहीतर वेटेड ॲव्हरेज म्हणजे सरासरी, पण लिफोचं स्टोअर्स लेजर मात्र दहा मार्कांना आहे.

शिक्षकांना नुसती नावं ठेवून उपयोग नाही, कारण शिक्षकही पेपरच्या मागे जातात आणि मुलंही. "टिपा लिहा, कोणत्याही दोन" हे पेपरात असेल तर जगातला सगळ्यात चांगला सर आला तरी मुलं टिपाच मागणार. त्यामुळे सुरुवात पेपरापासून करायला पाहिजे.

माझं म्हणणं असं की कंपनी लॉचा पेपर ओपन बुक करा. कायदा समोर ठेवू द्या, मोबाइल नको, छापील कायदा, आणि एक फाइल द्या. एका छोट्या कंपनीची खरी वाटेल अशी फाइल, नावं बदलून: आर्टिकल्सची चार पानं, शेअरहोल्डरची यादी, बोर्ड मीटिंगचं मिनिट, चार्जेसची यादी, एक ताळेबंद. आणि विचारा, या मीटिंगला कोरम होता का, हा डायरेक्टरला दिलेला लोन चालतो का, या कंपनीला तुम्ही तीन महिन्यांच्या उधारीवर माल द्याल का आणि का. टाटा सन्सने चेअरमन सायरस मिस्त्रींना काढल्याचं प्रकरण २०१६ पासून २०२१ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापर्यंत सगळ्या वर्तमानपत्रांत आलं, त्यातलं एक पान द्या आणि विचारा की मायनॉरिटी म्हणजे कमी हिस्सा असलेल्या शेअरहोल्डरचं म्हणणं नेमकं काय होतं आणि ते का टिकलं नाही. कॉस्टिंगमध्ये आकडे जास्तीचे द्या, काही बिनकामाचे द्या, एखादा लागणारा आकडा देऊच नका आणि विद्यार्थ्याने तो गृहीत धरून कारण लिहावं. आणि प्रॅक्टिकल दोन्ही विषयांचं एकत्र. पुणे विद्यापीठात स्पेशल सब्जेक्टला प्रॅक्टिकल जर्नल आहेच, कल्पना चांगलीच होती, पण जर्नल वरच्या बॅचकडून येतं, कव्हर बदलतं आणि सही होते. त्याऐवजी चार मुलांच्या गटाला एक स्थानिक धंदा, गुऱ्हाळ असेल, बेकरी असेल, पॉवरलूमचा शेड असेल, पिठाची गिरणीसुद्धा चालेल, त्याची कॉस्ट शीट स्वतः विचारून तयार करायची, आणि हा धंदा प्रोप्रायटरी म्हणजे एकट्याच्या मालकीचा ठेवावा, एलएलपी म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी करावा की कंपनी करावी यावर दोन पानं. धंदेवाला खरे आकडे सांगत नाही ही तक्रार येईल. येऊ दे. खरे आकडे काढून घेणं हेच तर नोकरीतलं काम आहे, वीजबिलावरून उत्पादनाचा अंदाज बांधता आला पाहिजे.

एआयने लिहून आणतील, हीही भीती सांगितली जाते. नोट्स तर आजही तशाच लिहून आणतात, फक्त आधी झेरॉक्सवाला होता. गल्लीतल्या गुऱ्हाळाला रोज किती जळण लागतं हे विचारायला मात्र जाऊनच यावं लागेल, आणि तोंडी परीक्षेत दोन प्रश्न विचारले की कोण जाऊन आलंय ते कळतं.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती पैशाची आहे. आज कॉमर्सचे तास बऱ्याच कॉलेजांत सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर चालतात. ज्या शिक्षकाला तासाचे पैसे मिळतात, सुट्टीत मिळत नाहीत, पुढच्या वर्षी आपण इथं असू की नाही माहीत नाही, तो दोन-तीन कॉलेजं पळून करतो, त्याने दरवर्षी नवी फाइल तयार करावी, वीस गटांना कारखान्यात पाठवावं आणि ओपन बुकचे पेपर वाचून तपासावेत ही अपेक्षा धरणं म्हणजे फुकटात राबवून घेणं. टॅली-जीएसटी आणा म्हणणाऱ्या संस्थांना हे सोयीचं पडतं, कारण स्किल कोर्स बाहेरच्या एजन्सीला देता येतो, फी वेगळी घेता येते, कायम शिक्षक भरावा लागत नाही. मला या मागणीतला मोठा भाग हाच वाटतो, मुलांच्या नोकरीचा कळवळा नंतर. म्हणून फाइल प्रत्येक कॉलेजने करायची गरजच ठेवू नये, विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने वर्षाला दहा-बारा फाइल तयार कराव्यात, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, त्यात एक साखरेची, एक शेतकरी कंपनीची, एक वर्कशॉपची, एक बुडालेल्या डिपॉझिटवाल्या कंपनीची असावी, त्या सगळ्यांना उघड असाव्यात, आणि पेपर तपासणाऱ्याला अशा पेपरचे पैसे नेहमीच्या दुप्पट द्यावेत. परीक्षा फी विद्यार्थी भरतातच. पहिल्या वर्षी निकाल पडेल, पालक ओरडतील, प्राचार्य कुलगुरूंकडे जातील. तरी निदान दोन-तीन बॅच जाऊ द्याव्यात आणि मग त्या मुलांना कामाला ठेवणाऱ्या वर्कशॉपवाल्यांना विचारावं.